आत्याची जीभ

शेवंताआत्या दिल्लीला आली ती दोन महिन्यांसाठी, आणि राहिली सहा वर्षं. बाबांची ही थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, यवतमाळकडच्या गावात दिरांशी रोजची कटकट. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट होते आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहत होतो. दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर आणि मागे सिमेंटचं अंगण. आत्या एक पत्र्याची पेटी आणि एक गोणपाटाची पिशवी घेऊन उतरली. पेटीत तीन लुगडी होती, बाकी सगळी मुळं, साली, वाळकी फळं आणि चिंध्यांत बांधलेल्या बिया. आईने पेटी उघडून बघितली आणि म्हणाली, "बाईंनी अख्खं जंगल आणलंय, आता वाघ तेवढा यायचा राहिला." आठवडाभरात पहाटे अंगणातून लोखंडी खलबत्त्याचा आवाज यायला लागला. दुधाच्या बूथवर डबे वाजायचे, डोक्यावरून विमानं खाली उतरायची, आणि या सगळ्याच्या बुडाशी तो ठण्‌ ठण्‌ ठण्‌ चालू असायचा. वरच्या मजल्यावरच्या मद्रासी मामी तक्रार करायला खाली आल्या आणि गुडघ्याला लावायचं तेल घेऊन वर गेल्या. त्यानंतर तक्रार कुणी केली नाही.

आत्याची आई, म्हणजे माझी आजी, गावात सुईणपण करायची आणि झाडपाल्याची औषधं द्यायची. मी तिला पाहिलेलं नाही. आत्या मात्र तिच्याबद्दल अशी बोलायची की ती आत्ता शेजारच्या ब्लॉकमध्ये पाणी भरायला गेलीय आणि येईलच. आत्याला अक्षरओळख बेताची. पण मूळ हातात घेऊन, मोडून, वास घेऊन ती सांगायची की ते पावसाआधी खणलंय की नंतर. एका रविवारी बाबा बुद्धविहारातून एका गृहस्थांना घेऊन आले, ते जोशी वैद्य. फरीदाबादला त्यांचा दवाखाना होता, रीतसर पदवी होती, आणि पांढऱ्या बुशशर्टच्या खिशात कायम दोन पेनं. तिथल्या कार्यक्रमाला ते पाहुणे म्हणून आले होते आणि बाबांनी बहिणीचं कौतुक ऐकवून त्यांना चहाला ओढून आणलं होतं. वैद्यांनी आत्याच्या चिंध्या एकेक करून सोडल्या. दोन तास झाले, चहा दोनदा गार झाला. उठताना ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे जे आहे ते कॉलेजात शिकवत नाहीत. आणि कॉलेजात जे शिकवतात ते तुमच्याकडे नाही. आपण दोघांनी मिळून शिकवू या."

असा आमच्या अंगणातला रविवारचा वर्ग सुरू झाला. पाच-सहा जण यायचे. कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जडीबुटीचं काम, कुणी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना नुसतं औषध ओळखायला शिकायचं नव्हतं, ते बहुतेकांना येतच होतं. ताठ मानेने दवाखाना कसा चालवायचा ते शिकायचं होतं. वैद्य सांगायचे, रोग्याचं आधी सगळं ऐका. तो दुसऱ्या डॉक्टरची कोणती गोळी घेतो ते लिहा. कुणाला हात लावायचा नाही आणि मोठ्या इस्पितळात पाठवायचं ते आधी ठरवा. 'हमखास' हा शब्द तोंडातून काढू नका. आपलं औषध कुणी दिलं, कधी दिलं, त्याखाली सही करा. आणि आत्याचा एकच नियम होता, जो ती हिंदीत, वऱ्हाडीत आणि नुसत्या हातवाऱ्यांनीही सांगायची: रोग्याच्या तोंडात जाण्याआधी औषध आपल्या तोंडात गेलं पाहिजे. प्रत्येक खेपेचं, प्रत्येक कुटणीचं. आजीने तिला लहानपणी असंच बसवलं होतं म्हणे, समोर बारा वाट्या आणि डोळ्यांवर पट्टी. हल्ली माझ्या मावसबहिणीची मुलगी मोबाईलवर जाहिराती दाखवते, सहा आठवड्यांत हर्बल प्रॅक्टिस उभी करा. मी विचारते, यात चाखायला कोण शिकवतं? ती म्हणते, मावशी यार, तुझं काहीतरीच.

वर्गात सगळ्यांत हुशार होती सरिता. बिहारकडची, तिशीची, फरीदाबादहून दोन बस बदलून यायची. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. तिने घराजवळ एक खोली बघून ठेवली होती, त्यात काय काय कुठे ठेवायचं हेही ठरवलं होतं. बाकाला कोणता रंग द्यायचा यावर तिने माझ्याशी अर्धा तास चर्चा केलेली आठवते. वैद्य तिला आपल्या हाताखाली बसवून पुढे स्वतंत्र काम देणार होते. आत्याला ती फार आवडायची. वर्ग संपला की आत्या तिला जेवायला थांबवून घ्यायची. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. सरिता भरीत खाऊन म्हणायची, "आत्याजी, ये तो हमारा चोखा है!" आणि दोघी हसत सुटायच्या.

भरताचीच गोष्ट आधी बिघडली. एका पावसाळ्यात आत्याला मोठा ताप आला, पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. उठल्यावर पहिल्याच दिवशी हौसेनं भरीत केलं आणि ते इतकं खारट की बाबांनी घास गिळून मुकाट्याने पाण्याचा तांब्या उचलला. आई बाबांकडे बघत राहिली. आत्या शांतपणे जेवत होती. दुसऱ्या दिवशी वरणात मीठच नव्हतं. मला वाटलं, आजारी माणूस, विसरली असेल. मग एकदा दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा आत्या अंगणात पाटावर बसली होती, समोर वाट्या. कडुलिंबाचं चूर्ण, हिरडा, साखर, सुंठ. एकेकातलं बोटाने घेत होती, जिभेवर ठेवत होती आणि भिंतीकडे बघत होती. मला पाहून म्हणाली, "मले चव लागून नाही राहिली, पोरी. कशाचीच नाही. सुंठबी झोंबत नाही, जीभच बधिर झाली. कोनाले सांगू नको." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती घाबरली होती. ज्या बाईला मी सापाला, पोलिसाला आणि माझ्या आईला घाबरताना पाहिलं नव्हतं, ती त्या साखरेच्या वाटीला घाबरली होती.

मी एकोणीस वर्षांची होते आणि कुणाचं तरी गुपित आपल्याकडे आहे याचा मला अभिमान वाटला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच तिला सांगितलं. ठरलं असं की रविवारच्या आदल्या दिवशी तयार झालेलं औषध मी चाखायचं आणि तिला सांगायचं. वर्गात ती सगळ्यांसमोर जिभेवर ठेवणार, पण ठेवण्याआधीच तिला उत्तर माहीत असणार. काही अडलंच तर मी दाराशी उभी, तिने माझ्याकडे बघायचं, मी मान हलवायची. तिने मला शिकवलंही. तुरट कुठे लागतं, कडू किती वेळ राहतं, सुंठ जुनी झाली की तिखटपणा घशात न जाता जिभेवरच कसा विझतो. मी चांगली शिकत होते. आत्या म्हणायची, "आईनं तुले पाह्यलं असतं तं खुश झाली असती." हे लिहिताना मला अजून बरं वाटतं, आणि त्याची लाज वाटते.

बचनाग हे विष आहे. डोंगरातून येणारं काळपट मूळ, बोटभर. शुद्ध केलं तर सांधेदुखीवर मूठभर औषधांत चिमूटभर जातं, कच्चं राहिलं तर माणूस नेतं. ते शुद्ध झालं की नाही हे बघण्याची जुनी रीत जिभेवरच आहे: कणभर ठेवायचं आणि थुंकायचं. जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, की अजून विष आहे. वैद्यांनी आत्याला विचारलं होतं, हे बाहेरून तयार आणू या का? आत्या म्हणाली, परक्यानं केलेलं मी माझ्या रोग्याला कसं देऊ? त्या जानेवारीत थंडी अशी होती की अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता. भिजत घातलेल्या बचनागाकडे बघून आत्या दोनदा म्हणाली की गावाकडच्या उन्हात जेवढे दिवस लागतात तेवढे इथे पुरणार नाहीत, किती वाढवायचे ते जीभच सांगेल. म्हणजे माझी जीभ.

त्या शनिवारी माझी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. मी बोलण्यात पटाईत. आई वैतागली की म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. महिनाभर मी आरशासमोर हातवारे करत होते. आधी एकदा बचनागाची कच्ची खेप चाखली होती तेव्हा दीड तास माझे ओठ माझे राहिले नव्हते, 'स' म्हणायला गेले की हवा निघायची, आणि बसमध्ये मैत्रिणींनी माझी नक्कल केली होती. त्या शनिवारी सकाळी आत्याने बचनागाच्या चूर्णाची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि ती पाणी तापवायला आत गेली. मी वाटीकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. वाटी उचलून पुन्हा खाली ठेवली. आत्या बाहेर आली.

"चाखलं?"

"हो. काही नाही. साफ आहे."

"मुंग्या?"

"नाही गं आत्या. बिल्कुल नाही. जाऊ मी? बस जाईल."

स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, उच्चार अतिशय स्वच्छ आहेत. संध्याकाळी बाबांनी पेढे आणले आणि आत्याने पेढा तोंडात टाकून "मस्त गोड हाय" म्हटलं, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

रविवारी वर्गात ढोकेकाका आले होते. लक्ष्मीबाई नगरला राहायचे, बाबांच्याच खात्यात होते, रिटायर व्हायला आले होते. थंडीत त्यांचे गुडघे आणि बोटं आखडायची. वर्गाची पद्धत अशी की शिकणाऱ्याने खऱ्या रोग्याला सगळ्यांसमोर तपासायचं आणि शेजारी वैद्य बसायचे. त्या दिवशी पाळी सरिताची होती. ती नवी साडी नेसून आली होती. तिने काकांना इतकं नीट विचारलं की वैद्य मधे एकदाही बोलले नाहीत. झोप, पोट, आधीचं दुखणं, बीपीची गोळी चालू आहे का. काका गमतीने म्हणाले, "अहो, इतकं तर मला लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं." वैद्यांनी औषध लिहून दिलं. सरिताने गोळ्या वळल्या. मग नियमाप्रमाणे आत्याने चूर्ण जिभेवर ठेवलं, थुंकलं आणि म्हणाली, "चालते." सरितानेही ठेवलं. ती हुशार होती, नियम तिने मनावर घेतला होता.

"आत्याजी," ती हळूच म्हणाली, "मेरी जीभ में कुछ चुनचुना रहा है."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. तेव्हा मला दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पुढे जाऊन वाटीतलं चाखायचं, किंवा खरं सांगायचं. तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी होती. मी नाही म्हणून मान हलवली, अगदी ठाम, स्टेजवर हलवतात तशी. काही नाही. ठीक आहे.

आत्या सरिताला म्हणाली, "मिर्ची खाके आई होगी." सगळे हसले. सरिताही हसली, ओशाळून. सकाळी बसस्टँडवर तिने मिरचीचं भजं खाल्लं होतं, असं तिने कबूलही केलं. मग तिने पुडी बांधली, खाली स्वतःच्या नावाची सही केली आणि काकांना दोन्ही हातांनी दिली. तिच्या हातून गेलेलं ते पहिलं औषध.

काकांनी जेवल्यावर गोळ्या घेतल्या. तोंड बधिर झालं, मग हातपाय, मग उलट्या. शेजारच्यांनी टॅक्सीतून इस्पितळात नेलं. दिवे लागायच्या सुमाराला समोरच्या घरातल्या फोनवर बाबांना बोलावणं आलं आणि ते मफलर न घेताच स्कूटरवर गेले. परत आले तेव्हा दारातच उभे राहिले, आत येईनात. आईने विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "ढोके गेले." मग आत्याकडे बघून म्हणाले, "अक्का, काय दिलं होतंत त्यांना?" आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी आत्याला असं विचारलेलं मी ऐकलं.

इस्पितळाने हृदयविकार लिहिला. बीपी होतंच. ढोकेकाकू पोलिसांकडे गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माणूस गेला, आता आपल्याच लोकांना कोर्टात कुठे नेऊ? हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्यांचा थोरला मुलगा चार दिवसांनी फरीदाबादला वैद्यांच्या दवाखान्यात आला आणि त्याने वर्गातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. बाबा, आत्या आणि मी बसने गेलो. सरिता कोपऱ्यात उभी होती, डोळे सुजलेले. मुलाच्या हातात ती पुडी होती, उरलेल्या गोळ्यांची, आणि त्यावर तिची सही. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "यावर जिची सही आहे, तिला काही कळत होतं का?"

वैद्य बोलायला लागले, जबाबदारी माझी, औषध मी लिहिलं. आत्याने त्यांना हाताने थांबवलं. ती उठून उभी राहिली. तिने हिंदीत सांगितलं, तिची मोडकीतोडकी, स्पष्ट हिंदी. "इस लड़की को मालूम पड़ा था. इसने बोला था. मैंने नहीं माना. मेरी जीभ बरसात से मरी हुई है, बेटा. मैंने किसी को बताया नहीं. सही इसकी है, पाप मेरा है." वैद्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. सरिता रडायला लागली. तिच्यावर दोष नाही हे सगळ्यांसमोर ठरलं होतं, तरी तिने खोली घेतली नाही, दवाखाना उघडला नाही, कुणाला साधा काढाही पुन्हा दिला नाही, असं मला फार वर्षांनी वैद्यांकडून कळलं. ती एका शाळेत आया म्हणून लागली. तिची जीभ खरी होती, आणि तिला आयुष्यभर वाटत राहिलं की आपण गप्प बसलो.

मी त्या खोलीत होते. माझं नाव कुणी घेतलं नाही, कारण चाखणारी मी होते हे फक्त आत्याला माहीत होतं.

घरी आल्यावर आत्या अंगणात गेली. खलबत्ता उन्हात पालथा घालून ठेवला होता. मी चहा घेऊन गेले. तिने कप घेतला नाही. म्हणाली, "एक गोष्ट सांग वं. शनिवारी तू चाखलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"जिभेवर ठेवलं होतं?"

"हो आत्या. खरंच."

मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मंग आईचंच चुकलं असंल." तिने पेटी ओढली, त्यातल्या चिंध्या सोडल्या आणि एकेक मूळ, एकेक बी अंगणातल्या बंबात घातली. तीन पिढ्यांचं जपलेलं दोन तासांत जळून गेलं. आईने आतून विचारलं, बाई, काय करताय? आत्या म्हणाली, "खोटं होतं सारं. पोराबाळांच्या घरात कशाले ठेवू?"

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की आत्याला माझं खरं वाटलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि म्हणून तिचा आईवरचा विश्वास गेला, इतकंच ओझं मी वाहत होते, आणि तेही कमी नव्हतं. पण सरिताच्या जिभेला मुंग्या आल्या होत्या. आत्याने ते ऐकलं होतं, आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर मान्यही केलं होतं. म्हणजे आजीची रीत बरोबर होती, हे तिला कळलेलं होतं. मग चूक कुणाची, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. हे माझ्या डोक्यात शिरायला मला साठी ओलांडावी लागली. तिने मला एक संधी दिली, मग दुसरी दिली, आणि दोन्ही मी घेतल्या नाहीत तेव्हा तिने आपल्या आईला खोटं पाडलं, कारण दोघींपैकी एकीला खोटं पाडायचंच होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते.

पंधरा दिवसांनी ती गावी परत गेली. निजामुद्दीन स्टेशनवर बाबा तिकीट बघायला डब्यात चढले होते आणि मी खिडकीपाशी फलाटावर उभी होते. तिची पेटी आता इतकी हलकी होती की हमालच लागला नाही. आत्याने गजांतून हात बाहेर काढून माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता, कुटून कुटून घट्टे पडलेला.

"काही सांगाचं हाय का मले?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पोचल्यावर पत्र टाक."

"बरं," ती म्हणाली. तिने हात सोडला नाही. गाडी हलली तेव्हा मीच तो सोडवून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दिरांकडच्या लोकांनी कळवलं, शेवटी शेवटी काही खातच नव्हती, म्हणायची, सगळं मातीसारखं लागतं. बाबा गावी जाऊन आले, मी परीक्षेचं कारण सांगून घरी राहिले. तो पेपर मी चांगला लिहिला.

शनिवारी मी चाखलं नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायला मला फार तर दोन सेकंद लागले असते, आणि मी त्या शहरातली सगळ्यांत स्वच्छ बोलणारी मुलगी होते.